सातेरीच्या पेटीत अंडी दिसत नाहीत : वसाहत राणीविना झाली आहे हे खात्रीने कसे ओळखावे?

रानवारा (ता. जावळी, जि. सातारा)
७ मार्च, सायंकाळ

नमस्कार. घरामागच्या उतारावर जांभळाच्या झाडांखाली माझ्या सातेरी मधमाश्यांच्या पाच पेट्या आहेत. त्यांपैकी तिसऱ्या पेटीबाबत मला तातडीने सल्ला हवा आहे.

२२ फेब्रुवारीला ही पेटी तपासताना मधली एक चौकट शेजारच्या पोळ्याला मेणाने चिकटलेली होती. ती मी घाईने ओढली आणि दोन्ही पोळी एकमेकांवर घासली गेली. त्या दिवशी अंडी भरपूर होती, पण राणी माझ्या नजरेस पडली नव्हती. आज, तेरा दिवसांनी, पेटी उघडली तेव्हा सहा चौकटींपैकी एकाही पोळ्यावर अंडे नव्हते आणि उघडी अळीही नव्हती. मधल्या तीन चौकटींवर झाकलेले कोष तेवढे आहेत. झाकण उचलताच एरवीच्या गुणगुणीऐवजी खालच्या पट्टीतला, लांबत जाणारा घुमारा ऐकू आला आणि माश्या पोळ्यावर स्थिर न राहता सैरावैरा धावत होत्या. दारातून पराग घेऊन येणाऱ्या माश्याही शेजारच्या पेटीच्या मानाने फारच कमी आहेत. तिसऱ्या चौकटीच्या पोळ्यावर मध्यभागी दोन राणीघरे (राणी वाढवण्यासाठी माश्या बांधतात ती मोठी, लांबट घरे) दिसली, पण दोन्ही रिकामी आहेत.

माझ्या हातून राणी चिरडली गेली, याबद्दल मला आता शंका राहिलेली नाही. परिचयातील एका मधपाळाकडून एक राणी मिळण्यासारखी आहे. उद्याच ती आणून पिंजऱ्यातून सोडावी असा विचार आहे. जांभूळ फुलण्याच्या तोंडावर वसाहत हातची जाऊ नये, एवढीच इच्छा आहे.

हिरडा (महाबळेश्वर परिसर)
७ मार्च, रात्र

राणी आणण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. ती दोन राणीघरे रिकामी आहेत म्हणजे नेमकी कशी आहेत? त्यांचे खालचे टोक कसे उघडले आहे, की त्यांना बाजूने छिद्र आहे? आठवत नसेल तर सकाळी उन्हे अंगावर आल्यावर फक्त तीच चौकट काढून पाहावी.

रानवारा
८ मार्च, सकाळ

आत्ताच पाहून आलो. एका राणीघराचे टोक वाटोळे कापलेले आहे आणि त्याची चकती बिजागरीसारखी एका कडेला लोंबते आहे. दुसऱ्याचे टोक शाबूत आहे, पण कुशीला वेडेवाकडे भोक पाडलेले आहे.

हिरडा
८ मार्च, सकाळ

मग कृपया राणी आणू नये. आपल्या पेटीत बहुधा राणी आहे, पण ती कुमारी, म्हणजे अजून मीलन न झालेली, आहे आणि एक-दोन दिवसांपूर्वीच बाहेर पडलेली आहे. टोकाची चकती गोल कापून निघालेली राणी स्वतः आतून ती कापते. कुशीला भोक असलेल्या घरातली राणी जन्मण्याआधीच पहिल्या राणीकडून आणि कामकरी माश्यांकडून मारली गेली असणार.

आता दिवस मोजून पाहू. राणी गेल्याचे माश्यांना काही तासांतच कळते, कारण तिच्या अंगचा गंध माशीकडून माशीकडे पोचायचा थांबतो. त्यानंतर एक-दोन दिवसांत त्या कामकरी माशीच्या घरातली कोवळी अळी निवडून ते घर लांबवतात आणि तिला शेवटपर्यंत राजान्न (रॉयल जेली) पुरवतात. अंड्याचे तीन दिवस धरून राणी साधारण सोळाव्या दिवशी बाहेर येते. निवडलेली अळी म्हणजे अंडे घातल्यापासून चार-पाच दिवसांचे वय. उरले अकरा-बारा दिवस. २२ किंवा २३ फेब्रुवारीत ते मिळवले की तारीख ५ ते ७ मार्चच्या दरम्यान येते, आणि आपल्याला काल उघडे राणीघर दिसले.

झाकलेल्या कोषांचाही हिशेब जुळतो. अंडे तीन दिवस, अळी सुमारे पाच दिवस, मग झाकण. २२ तारखेला घातलेले शेवटचे अंडे मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच झाकले गेले. म्हणून ७ तारखेला उघडी अळी नसणे हे राणी २२ तारखेच्या सुमारास गेल्याचेच लक्षण आहे. आज पेटीत राणी नाही, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. या दोन गोष्टी एकच समजल्या जातात आणि तिथेच बहुतेक चुका होतात.

नव्या कुमारी राणीचा गंध पहिले काही दिवस क्षीण असतो, त्यामुळे वसाहत तोवर पोरक्यासारखीच वागते, तो घुमारा चालू राहतो. अशा वेळी पिंजऱ्यातून दुसरी राणी दिली तर ती मारली जाण्याचीच शक्यता अधिक, आणि दैव फारच वाईट असेल तर झटापटीत दोन्ही जातात.

वारणाकाठ (ता. शिराळा, जि. सांगली)
८ मार्च, दुपार

हिरडाकाकांचे म्हणणे पूर्णपणे पटते, कारण ही किंमत मी मोजलेली आहे. गेल्या वर्षी जूनअखेर माझ्या सातेरीच्या एका पेटीत जुन्या राणीच्या जागी नवी राणी आली. त्यानंतर चांदोलीच्या अंगाला पाऊस असा लागला की तीन आठवडे दुपारचे ऊन म्हणून पडले नाही. कुमारी राणीला मीलनासाठी बाहेर उडावे लागते. पेटीच्या आत मीलन होत नाही, आणि भर पावसात नरही उडत नाहीत. मी मात्र अंडी दिसत नाहीत म्हणून घाबरून एक राणी विकत आणली आणि पिंजऱ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी माश्या पिंजऱ्याच्या जाळीला गोळ्याने चिकटून जाळी चावत होत्या. बोटाने सारल्या तरी बाजूला होत नव्हत्या. मी ती खूण वाचू शकलो नाही आणि तिसऱ्या दिवशी राणी सोडली. सायंकाळी ती तळपाटावर मेलेली सापडली.

त्यानंतर आतली कुमारी राणीही नाहीशी झाली आणि पुढच्या दहा-बारा दिवसांत कामकरी माश्यांनीच अंडी घालायला सुरुवात केली. आरंभी अंडी दिसल्यावर मला आनंद झाला होता, हे लिहिताना आजही वाईट वाटते. नीट पाहिले तेव्हा एकेका घरात तीन-चार अंडी होती. काही तळाला, बरीचशी भिंतींना चिकटलेली. पोळ्याच्या मधोमध, कामकऱ्यांच्या लहान घरांवर, फुगीर टोप्या आल्या आणि प्रत्येक टोपीच्या शेंड्याला टाचणीने टोचल्यासारखे बारीक छिद्र. सातेरीत नराच्या झाकणाची ती ओळखच आहे. निषेचन न झालेल्या अंड्यातून नरच निपजतो, म्हणून त्या पेटीत पुढे काम करणारी एकही माशी जन्माला आली नाही.

माणदेशी (ता. आटपाडी, जि. सांगली)
८ मार्च, सायंकाळ

माझ्या सगळ्या पेट्या मेलिफेरा या परदेशी मधमाशीच्या आहेत आणि डाळिंबाच्या बागांमधून व ज्वारी-सूर्यफुलाच्या शेतांमधून त्या फिरवाव्या लागतात. त्यामुळे वाहतुकीत राणी चिरडली जाण्याचा प्रसंग दरवर्षी एकदा तरी येतोच. आमच्याकडे राणी गेल्यावर कामकरी माश्या अंडी घालू लागण्यास साधारणपणे तीन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जातो. म्हणून मी स्थलांतरानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी फक्त मधली एक चौकट पाहतो. अंडे दिसले की पेटी मिटवतो, राणी शोधत बसत नाही.

सातेरीत एवढा अवधी मिळत नाही, असे ऐकून आहे. ते खरे आहे काय? आणि अंडे आहे की नाही हेच ज्यांना नीट दिसत नाही त्यांनी काय करावे? पन्नाशी उलटल्यावर हा प्रश्न माझाही झाला आहे.

हिरडा
८ मार्च, रात्र

खरे आहे. सातेरीच्या कामकऱ्यांमध्ये अंडाशय फार लवकर जागे होते. राणी आणि उघडी पिल्ले ही दोन्ही नसतील तर आठवड्या-दीड आठवड्यात अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या तयार होऊ शकतात. उघड्या अळ्यांचा गंध कामकऱ्यांचे अंडाशय दाबून ठेवतो, हे ध्यानात घ्यावे, कारण पुढचा उपाय त्यावरच उभा आहे. मेलिफेराची पुस्तके वाचून सातेरी पाळणाऱ्यांनी त्या पुस्तकांतला ‘महिनाभर थांबा’ हा सल्ला म्हणूनच उचलू नये.

अंडे पाहण्याबाबत. सूर्य पाठीशी घेऊन चौकट छातीसमोर अशी तिरकी धरावी की ऊन खांद्यावरून थेट घरांच्या तळापर्यंत जाईल. पहिल्या दिवशीचे अंडे तांदळाच्या कणीच्याही बारीक तुकड्यासारखे तळाला उभे असते, दुसऱ्या दिवशी कलते आणि तिसऱ्या दिवशी आडवे होते. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने छायाचित्र काढून सावलीत बसून मोठे करून पाहावे. यात कमीपणा काहीच नाही, मीही तेच करतो.

आता रानवारा यांच्या पेटीबद्दल. राणी आहे की नाही, हे वसाहतीलाच विचारावे. आपल्या सर्वांत जोमदार पेटीतून अशी चौकट घ्यावी जिच्यावर अंडी आणि अगदी कोवळ्या, तळाशी पांढऱ्या दुधात स्वल्पविरामासारख्या पडलेल्या अळ्या आहेत. तिच्यावरच्या माश्या त्याच पेटीत हळूच झाडाव्यात आणि त्या पेटीची राणी या चौकटीवर नाही याची दोनदा खात्री करावी. मग ती तिसऱ्या पेटीच्या मधोमध द्यावी, वरच्या पट्टीवर खूण करावी आणि तीन दिवसांनी पाहावी. माश्यांनी तिच्यावर नवी राणीघरे काढायला घेतली असतील तर पेटीत राणी नाही. अळ्या साध्या घरांतच वाढत असतील तर राणी आहे, कुमारी का असेना.

यात एक अपवाद आहे. अंडी घालणाऱ्या कामकरी माश्या झालेली वसाहतही पुष्कळदा राणीघरे काढत नाही, कारण आपल्याकडे राणी आहे अशाच समजुतीत ती असते. म्हणून चौकट देण्यापूर्वी जुन्या पोळ्यांवर एका घरात अनेक अंडी नाहीत ना, हे बघावे. नव्याने अंडी घालू लागलेली तरुण राणीही कधी कधी एका घरात दोन अंडी घालते, पण तिची अंडी तळालाच असतात. तिचे पोट लांब असल्याने ते तळापर्यंत पोचते, कामकरीचे पोचत नाही.

रानवारा
८ मार्च, रात्र

मनापासून आभारी आहे. राणी आणण्याचे रद्द केले. आजच दुपारी एक क्रमांकाच्या पेटीतून तशी चौकट काढून ठेवायला हवी होती, असे वाटते. पण माश्या थंडीत उघड्या पडू नयेत म्हणून उद्या सकाळी दहाच्या सुमारास ती देतो.

कारवी (ता. पाटण, जि. सातारा)
९ मार्च, सकाळ

एक शंका विचारते. चौकटीवर खरोखरच राणीघरे काढली गेली, म्हणजे वसाहत राणीविना आहे असे ठरले, तर ती राणीघरे तशीच वाढू द्यावीत की दुसऱ्या पेटीतले तयार राणीघर आणून लावावे? माझ्या एका पेटीत वसाहत फुटण्याच्या, म्हणजे काही माश्या राणीसह वेगळ्या होऊन निघून जाण्याच्या, तयारीत आहे आणि पोळ्याच्या खालच्या कडेला सहा-सात झाकलेली राणीघरे लोंबत आहेत. त्यांतले एखादे देता येईल काय?

हिरडा
९ मार्च, दुपार

अवश्य देता येईल, ताई, आणि माझ्या मते सातेरीसाठी हाच सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण आपल्याकडे मीलन झालेली राणी वेळेवर मिळणे कठीण असते. वसाहत फुटण्याच्या वेळची राणीघरे निवांतपणे, भरपूर अन्नावर वाढवलेली असतात, तर आणीबाणीत काढलेल्या राणीघरात कधी कधी वयाने थोडी मोठी अळी निवडलेली असते. शिवाय झाकलेले राणीघर दिल्याने आठवडाभराचा वेळ वाचतो. सातेरीत तो आठवडा फार मोलाचा आहे.

टोकाचे मेण माश्यांनी कुरतडून तपकिरी, तंतुमय आवरण उघडे केलेले असेल ते राणीघर पिकलेले समजावे. भोवतालच्या बोटभर पोळ्यासह ते धारदार सुरीने कापावे. कापताना आणि नेताना टोक सतत खालीच राहिले पाहिजे, धक्का बसता कामा नये, आणि ते उन्हात धरू नये. राणीविना पेटीत पिल्लांच्या दोन पोळ्यांमध्ये, उबेच्या जागी, वरच्या कडेजवळ खाच करून ते बसवावे. तत्पूर्वी त्या पेटीने स्वतः काढलेली राणीघरे मोडावीत. त्यांतले एकही नजरेतून सुटू नये म्हणून प्रत्येक पोळ्यावरच्या माश्या हलकेच झाडून पाहावे लागते.

माणदेशी
९ मार्च, सायंकाळ

वारणाकाठ, आपल्या त्या पेटीचे पुढे काय झाले? कामकऱ्यांनी अंडी घातलेली वसाहत उचलून पंचवीस-तीस पावलांवर झाडून टाकावी, अंडी घालणाऱ्या माश्यांना उडता येत नाही म्हणून त्या परत येत नाहीत, असे आमच्याकडे सांगतात.

वारणाकाठ
१० मार्च, सकाळ

तसे मीही केले होते, पण त्या उडत परत आल्या. अखेर त्या कामकरी माश्याच आहेत. उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. आधी दोन आठवडे मी दर आठवड्याला उघड्या अळ्यांची एक चौकट देत राहिलो, पण माझी दुसरी पेटीही पावसाळ्यात पाच चौकटींवर आलेली होती. तिला किती लुबाडायचे? शेवटी दोन्ही एक केल्या. सायंकाळी राणी असलेल्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद अंथरला, त्याला दाभणाने चार-पाच छिद्रे पाडली आणि वर बिघडलेल्या पेटीची कोठी ठेवली. तीन दिवसांत माश्यांनी कागद कुरतडून त्याचा भुगा दारातून बाहेर टाकला. तोवर दोन्हींचा गंध एक झाला होता आणि भांडण झाले नाही. फुगीर टोप्यांची पोळी मी काढून वितळवली, कारण तशी रिकामी, राखण नसलेली पोळी मेणकिड्याला आयतीच मिळतात.

एक वसाहत कमी झाली, परंतु ऑक्टोबरात त्या एका पेटीत नऊ चौकटी भरून माश्या होत्या.

हिरडा
१० मार्च, रात्र

वारणाकाठ यांनी केले ते योग्यच. माझा आग्रह असा की तीन चौकटींहून कमी माश्या उरलेल्या राणीविना सातेरीला वाचवण्याच्या नादात दुसरी चांगली वसाहत खिळखिळी करू नये, ती सरळ एकत्र करावी. सातेरीचा स्वभाव असा की परिस्थिती बिघडली की ती पेटीच सोडून जाते, आणि मग एकत्र करायलाही काही उरत नाही.

राणीविना पेटीचे दार दोन माश्या जातील एवढेच ठेवावे. अशा पेटीवर राखण ढिली असते, आणि शेजारच्या माश्या मध लुटायला सवकतात. साखरपाक द्यायचाच असेल तर तो तिन्हीसांजेला, आत आणि थोडाच द्यावा. बाहेर एक थेंबही सांडू नये.

रानवारा
११ मार्च... नाही, चौकट ९ तारखेला दिल्यामुळे १२ मार्चला पाहून लिहीत आहे

तीन दिवस पुरे झाले. चौकटीवर एकही राणीघर नाही. अळ्या साध्या घरांत गुबगुबीत वाढलेल्या आहेत. झाकण काढल्यावरचा तो घुमारा पूर्ण गेलेला नसला तरी कमी झालेला आहे आणि माश्या पोळ्यावर शांत बसल्या होत्या. मधल्या दोन पोळ्यांवर सुमारे तळहाताएवढी जागा घासून चकचकीत केलेली दिसते, तिथे मध नाही, परागही नाही. जुन्या पोळ्यांवर अंडी अजून नाहीत.

हिरडा
१२ मार्च, दुपार

चकचकीत केलेली रिकामी घरे म्हणजे राणीसाठी मांडून ठेवलेली जागा. खरोखरच पोरक्या झालेल्या वसाहतीत हीच घरे मधाने आणि परागाने भरली जातात. आता आठवडाभर पेटीला हात लावू नये. राणी मीलनासाठी दुपारी बाहेर पडते. त्या वेळी झाकण उघडे असले, पेटी हातभर जरी सरकवली किंवा समोरची ओळखीची खूण हलवली, तरी परतताना ती दुसऱ्याच पेटीत शिरून मारली जाऊ शकते. आपल्या पाचही पेट्या एका रांगेत, एकाच रंगाच्या असतील तर तिसरीच्या दारावर निळ्या रंगाचा एखादा पट्टा आजच सायंकाळी, उड्डाणे थांबल्यावर लावावा. मीलनानंतर दोन-तीन दिवसांनी अंडी सुरू होतात. १९ तारखेच्या आधी पाहू नये, आणि २७ पर्यंत अंडे नसेल तर दुसऱ्या पेटीतले झाकलेले राणीघर किंवा एकत्रीकरण, यांपैकी एक निवडावे.

रानवारा
१९ मार्च, दुपार

अंडी आहेत. प्रत्येक घरात एकच, तळाला, बरोबर मध्यावर. राणी दिसली नाही आणि मी शोधलीही नाही. दोन चौकटी पाहून पेटी मिटवली.

माणदेशी
१९ मार्च, सायंकाळ

अभिनंदन. तरीही एक विचारतो : ही अंडी आपण दिलेल्या चौकटीवरची तर नव्हेत? आणि मीलन नीट न झालेली राणीही तळाला एकेकच अंडे घालते, पण त्यातून सगळे नरच निघतात. माझ्याकडे असे एकदा घडले आहे.

रानवारा
१९ मार्च, रात्र

दिलेल्या चौकटीवर खडूची खूण आहे आणि तिच्यावरची अंडी ९ तारखेची असल्याने त्यांच्या अळ्या होऊन त्या आता झाकल्याही गेल्या आहेत. आज पाहिलेली अंडी दुसऱ्या आणि चौथ्या चौकटीवरची आहेत. आपला दुसरा मुद्दा मात्र माझ्या लक्षात आला नव्हता. झाकणे येईपर्यंत थांबतो.

रानवारा
२९ मार्च, सकाळ

दुसऱ्या आणि चौथ्या चौकटीवर मधोमध वीतभर रुंद पट्टा झाकला गेला आहे. झाकणे सपाट आहेत, फिकट बदामी रंगाची, सलग. हात फिरवला तर एकसारखी लागावीत अशी. टोकाला छिद्र असलेली फुगीर टोपी फक्त खालच्या कोपऱ्यात, नरांच्या मोठ्या घरांवर आहे. परागाच्या पिवळ्या गोळ्या घेऊन येणाऱ्या माश्या आज दहा मिनिटे मोजल्या, पहिल्या पेटीपेक्षा फक्त सहा कमी भरल्या. वरच्या उतारावरची जांभळे फुलली आहेत. पहिल्या पेटीवर मधकोठी चढवली, तिसरीवर अजून नाही.